इवलेसे शब्द, केवढा फरक!

नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील हत्येशी जोडली गेलेली 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. 'धरावे'चे 'मारावे' झाले ते एका अक्षराने. त्या आख्यायिकेत अक्षर हेतुपुरस्सर बदलले गेले; आपल्या दवाखान्यातील कागदांवर ते नकळत बदलते.

बेळगावात डॉक्टरांचे कागद इंग्रजीत लिहिले जातात, याला कारण आहे. चंदगडहून आलेल्या मराठी आईने सांगितलेली हकीकत कन्नड भाषक तज्ज्ञापर्यंत पोहोचवायची, तर इंग्रजी हाच दोघांमधील पूल. परंतु आपण विचार मराठीत करतो आणि लिहितो इंग्रजीत. लांबलचक वैद्यकीय संज्ञा आपण घोकून पाठ केलेल्या असतात, म्हणून त्या सहसा चुकत नाहीत. घोटाळा होतो तो दोन-चार अक्षरी किरकोळ शब्दांत. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला महत्त्वाच्या वाटणाऱ्या अशा काही शब्दांचा येथे विचार करू.

'लिटल' आणि 'अ लिटल'

तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवलेल्यांना हा धडा आठवेल. नुसते 'लिटल' म्हणजे जवळजवळ नाहीच. 'अ लिटल' म्हणजे थोडेसे, पण आहे. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांचेही तसेच. मराठीत उपपदे नाहीत. त्यामुळे तो एकाक्षरी 'अ' लिहिताना आपल्याकडून सहज गळतो.

आता जुलाबाने बेजार झालेल्या आठ महिन्यांच्या बाळाची चिठ्ठी डोळ्यांसमोर आणा. 'बाळ अ लिटल पाणी पिते' असे लिहिले, तर वाचणारा समजेल की थोडे का होईना, पोटात जात आहे. 'बाळ लिटल पाणी पिते' असे लिहिले, तर तो सावध होईल. कारण पाणी पिता न येणे किंवा अगदीच कमी पिणे ही गंभीर निर्जलीकरणाच्या चार प्रमुख खुणांपैकी एक आहे. सुस्ती वा बेशुद्धी, खोल गेलेले डोळे आणि चिमटीत धरून सोडलेली कातडी अतिशय सावकाश पूर्ववत होणे, या उरलेल्या तीन. चारांपैकी दोन खुणा आढळल्या, की शिरेवाटे सलाईन देण्याची वेळ आली असे समजतात. म्हणजे त्या एका 'अ'वर खुणांची मोजणी बदलू शकते. यावर सोपा उपाय असा, की विशेषण टाळून मोजमाप लिहावे : 'सकाळपासून दोन चमचे पाणी, सहा तासांत लघवी नाही.'

'बाय', 'टिल' आणि 'फॉर'

मराठीतील 'पर्यंत' हा शब्द फार उदार आहे. 'सोमवारपर्यंत रिपोर्ट आणा' आणि 'सोमवारपर्यंत औषध द्या' ही दोन्ही वाक्ये आपल्याला सारखीच सहज वाटतात. इंग्रजीत मात्र पहिल्याला 'बाय' लागतो आणि दुसऱ्याला 'टिल'. पहिल्यात काम त्या मुदतीच्या आत एकदाच उरकायचे असते. दुसऱ्यात ते त्या मुदतीपर्यंत अखंड चालू ठेवायचे असते. शिवाय 'टिल मंडे'मध्ये सोमवारचा डोस धरायचा की नाही, हा प्रश्न उरतोच.

जुलाबाच्याच उपचारात 'टिल' आणि 'फॉर' यांतील भेद ठळकपणे दिसतो. ओआरएस जुलाब थांबेपर्यंत द्यायचे, म्हणून तेथे 'टिल' योग्य. झिंक मात्र जुलाब थांबले तरी ठरलेले दिवस पूर्ण द्यायचे असते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ मध्ये १० ते १४ दिवस झिंक देण्याची शिफारस केली. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते १४ दिवस देतात. दोन्ही औषधांपुढे एकच 'टिल' लिहिला, तर तिसऱ्या दिवशी जुलाब थांबताच झिंकची बाटली फडताळात जाते.

'पासून'चीही अशीच गंमत आहे. 'सोमवारपासून' साठी 'सिन्स' आणि 'पाच दिवसांपासून' साठी 'फॉर'. आपण सर्रास 'सिन्स फाइव्ह डेज' लिहितो. व्याकरण बिघडते, पण अर्थ कळतो. म्हणून ही चूक मी क्षम्य मानतो. अर्थ बिघडवणाऱ्या चुकांवर मात्र दया दाखवू नये.

एका अक्षराचे अंतर

पातळ या अर्थाच्या 'लूज'मध्ये दोन 'ओ' असतात, गमावणे या अर्थाच्या शब्दात एकच. इंग्रज पहिल्याचा उच्चार 'लूस' असा करतो आणि दुसऱ्याचा 'लूझ'. आपल्या तोंडी दोन्हींचे 'लूज' होते आणि लेखणीही फसते. 'इलियम'चे तर उच्चारानेही भागत नाही. तिसरे अक्षर 'ई' असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, 'आय' असेल तर कमरेचे हाड!

'डोस' आणि 'डे'

बालरोगशास्त्रात सर्वांत जपून वाचावी अशी ही जोडी. औषधाची मात्रा आपण वजनावर ठरवतो. पण ती 'पर डोस' की 'पर डे', हे शेवटच्या शब्दावर ठरते. पॅरासिटामॉलचेच उदाहरण घ्या. मात्रा किलोमागे १५ मिलिग्रॅम 'पर डोस'. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम. सहा-सहा तासांनी चार वेळा दिले, तर दिवसाचे ६०० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ६०. आता हे '६० पर डे' कोणी '६० पर डोस' असे वाचले, तर एका वेळी ६०० आणि दिवसाला २४०० मिलिग्रॅम पोटात जातील. यकृताला एवढे झेपणारे नाही. उलट '१५ पर डोस'चे '१५ पर डे' झाले, तर एका वेळी चाळीस मिलिग्रॅमही मिळणार नाही आणि ताप हटणार नाही.

बाटलीवरील शब्दही तितकेच महत्त्वाचे. सिरपच्या एका प्रचलित प्रकारात ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. 'ड्रॉप्स'मध्ये सहसा १ मिलिलिटरमध्येच १००. म्हणजे सिरपऐवजी ड्रॉप्स चमचाभर पाजले, तर औषध चौपटीहून अधिक जाते. 'ड्रॉप्स' म्हणजे सौम्य, असा अनेक पालकांचा समज असतो. तो दूर करणे हे आपले कर्तव्य आहे.

'ओडी' आणि 'वन्स'

आपल्याकडे 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा. नेत्रतज्ज्ञांच्या परंपरेत त्याच दोन अक्षरांचा अर्थ उजवा डोळा. तातडीच्या विभागात त्यांचाच अर्थ औषधाचा अतिरेक. डोळ्यांत घालण्याच्या थेंबांपुढे नुसते 'ओडी' लिहिले, तर दुकानदाराने काय समजावे? पूर्ण शब्द लिहिला तरी वाचणाऱ्याची भाषा विसरून चालत नाही. इंग्रजी 'वन्स' ज्या अक्षरांनी लिहितात, त्याच अक्षरांचा स्पॅनिशमध्ये अर्थ होतो अकरा! चिठ्ठी शेवटी ज्याच्या हाती पडते, त्याच्या भाषेत तिचा अर्थ लागतो.

भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये आपल्या नियमांत दुरुस्ती करून औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहिण्यास सांगितले. नावांइतकीच काळजी या लहान शब्दांचीही घ्यावी, अशी माझी व्यवसायबंधूंना विनंती आहे. सहकाऱ्याला लिहिताना आकडे, तास आणि दिवस नेमके लिहावेत. पालकांसाठी शेवटच्या दोन ओळी त्यांच्या भाषेत, मराठीत वा कन्नडमध्ये लिहाव्यात. आणि औषध कसे देणार, हे आईकडूनच एकदा वदवून घ्यावे. वाचकांपैकी जे पालक आहेत, त्यांनीही संकोच न करता विचारावे : 'डॉक्टर, हे एका वेळचे की दिवसभराचे?' हा प्रश्न विचारायला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि तो ऐकून कोणाही डॉक्टरला राग येण्याचे कारण नाही.