दोष पाण्यावर ढकल

॥ श्री सिद्धिविनायक प्रसन्न ॥

अंजूर,
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

चि. बाय,


काल्हेरच्या पार्लरचा बोर्ड लागल्याचा फोटो मिळाला. फोनवर काही सांगायला घेतलं की तुझ्या सासूबाईंची हाक येते आणि माझ्या निम्म्या गोष्टी घशातच राहतात, म्हणून कागद घेतला. गौरी-गणपतीला जेमतेम तीन आठवडे उरलेत. फेशियल, वॅक्सिंग तुला येतं, त्यात मी नाक खुपसत नाही. पण पेडिक्युअरची गर्दी आपल्या भागात नेमकी याच दिवसांत होते आणि पाय सगळ्यात खराबही याच दिवसांत असतात. लावणी संपली, बेणणी चालू आहे. महिनाभर चिखलात उभे राहिलेले पाय घरात गौरीची पावलं काढायच्या आधी आपल्याकडे येतात.

माझी फजिती आधी सांगते, म्हणजे पुढचं ऐकशील. पार्लर काढून दुसरंच वर्ष होतं. गौरी आवाहनाच्या आदल्या दिवशी एका घरच्या पाच जावा एकदम आल्या. पाचजणींचं मिळून कमी पैशात ठरवलं आणि माझ्याकडे टब एकच. पहिलीचे पाय धुतले, पाणी ओतलं, टब नुसता विसळला, दुसरी बसली. तिसरीच्या बोटांच्या बेचक्यात पांढरं, ओलं, सुटलेलं कातडं मला दिसलं होतं. दिसलं होतं, हे लक्षात ठेव. पण बाहेर दोघी थांबलेल्या, आणि नाही म्हणायला जीभ उचलली नाही. पंधरा दिवसांनी त्यांची सासू देवळाच्या पायरीवर भेटली आणि चार बायकांदेखत म्हणाली, "आमच्या सुनांना खाज तूच वाटलीस." ती खाज शेतातल्या पाण्याची होती की माझ्या टबातली, देव जाणे. पण मला उत्तर देता आलं नाही, कारण मी टब घासलाच नव्हता.

तेव्हापासून माझा नियम असा, की पाय कोरडा असतानाच बघायचा. बाईला खुर्चीत बसव, मांडीवर टॉवेल दे, पाय उजेडात घे. नेलपॉलिश आधी काढ, कारण निम्मे आजार त्याच्याखाली लपवलेले असतात. बेचके उघडून बघ. तळवा बघ. काहींच्या अख्ख्या तळव्यावर पीठ भुरभुरल्यासारखं कोरडं पापुद्र्याचं कातडं असतं आणि त्या "भेगा आहेत गं" म्हणतात. वज्रीने घासलं की दोन दिवस बरं दिसतं, मग पुन्हा तेच. ती बुरशी असू शकते. नख पिवळं, जाड, कडेने भुगा होणारं असेल तर तिथेही बुरशीचा संशय घ्यायचा. पण संशयच हं. गोदामात काम करणाऱ्या पोरींची नखं जाड बुटांच्या दाबानेही तशी होतात, जुना मार लागूनही होतात, सोरायसिसमध्येही होतात. म्हणून आजाराचं नाव आपण आपल्या तोंडाने घ्यायचं नाही. आपण एवढंच ठरवायचं की या पायाला आज हात लावायचा की नाही.

कुरूप आणि चामखीळ यांत मात्र तुझी गल्लत होते, मी पाहिलंय. कुरूप वरून सरळ दाबलं की दुखतं. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते, तिच्यात काळे बारीक ठिपके असतात आणि कातडीवरच्या रेघा तिच्यापाशी येऊन तुटतात. चामखीळ विषाणूची असते. फाईल लावलीस तर ती त्याच पायावर पसरेल आणि फाईलमधून पुढच्या बाईकडेही जाईल. नखुरडं झालं असेल, कडेला लाल, ठसठस, पू, तर खोचून "मोकळं" करायला जाऊ नकोस. आणि पाय लाल, गरम, सुजलेला, अंगात कणकण असेल तर तो धावऱ्याचा प्रकार असू शकतो. मग तुझं पार्लर राहू दे, त्याच रिक्षाने तिला डॉक्टरकडे धाड.

साखरेचा रोग असलेल्या बाया पटकन सांगत नाहीत, चार जणींत तर नाहीच. मी आल्याआल्या चहा विचारते आणि "साखर चालते ना?" म्हणते. उत्तर आपोआप मिळतं. अशा पायाला कोमट पाणीही आधी तू स्वतःच्या कोपराने बघायचं, कारण तिला चटका कळेलच असं नाही. ब्लेडने कातडं तासायचं नाही, कुणाचंच नाही, पण तिचं तर मुळीच नाही. लहानसा ओरखडा तिला दिसत नाही, दुखत नाही, आणि महिन्याभराने बोट गमवायची पाळी येते. कुणी सहज बोलून गेली की चप्पल पायातून निसटते तरी कळत नाही, तर कान टवकार. पाय बधिर झालाय. त्यात मधुमेह असेल, क्वचित कुष्ठरोगही असेल. कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि उपचार सुरू झाले की तो दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा तोंड वाकडं न करता भिवंडीच्या आयजीएम दवाखान्यात जायला सांग.

आता नाही कसं म्हणायचं ते. मला हे शिकायला वर्षं गेली. "तुम्हाला इन्फेक्शन आहे" असं कधीच म्हणू नकोस. आपल्याकडच्या बाईने आयुष्यभर चिखल तुडवलेला असतो, पाय दाखवायचीच तिला आधी लाज असते, आणि तू हे वाक्य बोललीस की ती डॉक्टरकडेही जात नाही आणि तुझ्याकडेही येत नाही. दुसऱ्या पार्लरला जाते. तिथली मुलगी बघत नाही. मी म्हणते, "मावशी, आज तुमच्या पायाला पाणी चालणार नाही." दोष पाण्यावर ढकल. पाणी बिचारं काही बोलत नाही. मग हळूच, बाजूच्या खुर्चीला ऐकू जाणार नाही असं सांग की बेचक्यात ओल बसलीय, स्किनच्या डॉक्टरला दाखवा, बरं झालं की या, आज हाताचं करून देते. पायाचे पैसे घेऊ नकोस. गेलेल्या दहातल्या सहा-सात परत येतात, हा माझा अनुभव. एक तर मिठाई घेऊन आली होती.

उरलेल्या बायका मेडिकलमधून एखादी ट्यूब आणतात, आणि ती ट्यूब हीच मोठी पीडा आहे. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आत मजेत वाढते. नायटा आता पूर्वीसारखा सहज जात नाही. नेहमीच्या टर्बिनाफिनच्या गोळीला दाद न देणारी बुरशीची जात आपल्या देशात पसरलीय, 2020 साली तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं आपल्या देशावरून नाव मिळालं. मान मिळाला तो असा. घरगुती उपायांना मात्र सरसकट हसू नकोस. भेगांवर कोकमाचं तेल मी स्वतः लावते. बिब्बा तेवढा कुणाला लावू देऊ नकोस, कातडं भाजतं.

तू ठाण्याच्या मॉलमध्ये पाहिलेल्या बुडबुड्यांच्या खुर्चीचा हट्ट सोड. 2000 साली कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनमध्ये अशाच टबातून शंभराहून जास्त बायकांच्या पोटऱ्यांवर गळवं उठली. महिनोन् महिने बरी होईनात. पाणी आत ओढणाऱ्या जाळीमागे केस आणि कातड्याचा गाळ साचला होता आणि त्यात जंतू वाढले होते. ज्यांनी येण्याआधी पायांवर वस्तरा फिरवला होता त्यांना धोका जास्त होता. म्हणून टब साधा, गुळगुळीत, जाळी-बिळी नसलेला घे, आणि वॅक्सिंग करून त्याच दिवशी कुणाचे पाय पाण्यात घालू नकोस. बायका "एकाच फेरीत उरकून टाक" म्हणतील. उरकू नकोस.

प्रत्येक बाईनंतर टब आधी साबणाने घासायचा. मळावर औषध चालत नाही. मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं तसंच ठेवायचं, मग धुऊन कोरडा. हत्यारांना ब्लीच नको, गंजतात. ती ब्रशने साबण लावून धू, फडक्यात गुंडाळ आणि कुकरमध्ये जाळीवर ठेव, पाण्यात बुडवून नव्हे. शिटी झाली की मंद आचेवर 20 मिनिटं. आत साधारण 121 अंश तापमान होतं, मोठ्या दवाखान्यातलं यंत्रही तेच करतं. तो निळ्या दिव्याचा डबा विकणारा तुला गाठेलच. त्यात स्वच्छ केलेली हत्यारं ठेवायला हरकत नाही, पण घाण हत्यार त्यात ठेवून स्वच्छ होत नाही. लाकडी काड्या, कागदी फाईल, प्युमिसचा दगड एकीचा दुसरीला नाही. मी ते पिशवीत घालून बाईलाच देऊन टाकते, किंमत आधीच दरात धरलेली असते. जाड नख घासताना मास्क लाव, ती पूड नाकात जाते. तुझ्या हाताला चीर असेल तर ग्लोव्हजशिवाय बसू नकोस.

गोदामातल्या मुलींना आणखी एक सांगत जा. बारा तास बूट आणि नायलॉनचे मोजे, त्यात बेचके कोरडे कसे राहतील? सुती मोजे, दोन जोड, बूट आलटून पालटून उन्हात. आणि नखाची बुरशी असेल तर डॉक्टरांच्या गोळ्या तीन महिने चालतात, पायाचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. "गणपतीपर्यंत जाईल का?" असं विचारतील. पुढच्या गणपतीला, म्हणून सांग.

दादा रविवारी तुझ्याकडे येतोय, त्याच्याबरोबर माझा जुना पाच लिटरचा कुकर पाठवतेय. शिटी नवी आहे, रिंगही नवी घातलीय. झाकणावर लाल रंगाने मोठ्या अक्षरांत "पार्लर" लिहिलंय. तरी तुझ्या सासूबाई एक दिवस त्यात डाळ लावणारच, तेव्हा तो स्वयंपाकघरात ठेवू नकोस.

तुझी,
आत्या