संगणकाच्या पंख्याची घरघर

आवाजाचा त्रास म्हटला की आपल्याला मिरवणुकीतला डीजे, दिवाळीचे फटाके, नाहीतर सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील यंत्रे आठवतात. कानाचे नुकसान करणारे आवाज हेच आहेत, यात शंका नाही. परंतु रोज आठ-आठ तास कानापासून हातभर अंतरावर चालू असलेल्या एका आवाजाविषयी सहसा कोणी तक्रार करीत नाही. हा आवाज म्हणजे टेबलावरच्या संगणकाच्या पंख्याची घरघर. करसल्लागाराचे ऑफिस, पतसंस्था, डीटीपीचे दुकान, बाजार समितीतील व्यापाऱ्याचा गाळा अशा ठिकाणी टेबलावरचा संगणक आजही ठाण मांडून आहे. संध्याकाळी यंत्र बंद केले की एकदम हलके वाटते, डोक्यावरचे ओझे उतरल्यासारखे होते, हा अनुभव तेथे काम करणाऱ्या अनेकांना असेल. तोपर्यंत ओझे होते हेच जाणवलेले नसते.

पहिली शंका साहजिकच अशी, की या घरघरीने बहिरेपणा येतो का? नाही. आवाजाची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. दोन माणसांचे साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. आठ तासांच्या पाळीत ८५ डेसिबलच्या वर गेलेला आवाज कानाला धोक्याचा मानतात. चांगल्या स्थितीतला संगणक बसल्या जागी ३० डेसिबलच्या आसपास आवाज करतो. जुना, धुळीने भरलेला असेल तर ४५-५० पर्यंत जातो. म्हणजे धोक्याच्या रेषेपासून तो पुष्कळ खाली आहे. द्राक्षबागेत ट्रॅक्टरवर बसून ब्लोअरने फवारणी करणाऱ्याने कानाची काळजी करावी. संगणकापुढे बसणाऱ्याला निदान बहिरेपणाची भीती नको.

मग प्रश्न मिटला का? तसे नाही. डेसिबलचा हिशेब आपल्या नेहमीच्या बेरजेसारखा चालत नाही. ४० डेसिबलचे दोन पंखे एकत्र चालले तर ८० होत नाहीत, ४३ होतात. असे दहा संगणक सारख्याच अंतरावर असतील तर ५०. आणि १० डेसिबलची वाढ आपल्या कानाला जवळजवळ दुप्पट मोठी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली जी मार्गदर्शक मर्यादा सांगितली, ती वर्गखोलीसाठी ३५ डेसिबल आणि झोपण्याच्या खोलीसाठी ३० डेसिबल अशी आहे. मुलांच्या झोपण्याच्याच खोलीत रात्रभर डाउनलोडसाठी संगणक चालू ठेवणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

हलक्या आवाजाचा शरीरावर परिणाम होतो का, यावर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या गॅरी इव्हान्स आणि डॅना जॉन्सन या संशोधकांनी केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. कारकुनी काम करणाऱ्या ४० स्त्रियांपैकी काहींना तीन तास शांत खोलीत, तर काहींना ऑफिसात असतो तशा हलक्या गोंगाटात बसविले. टंकलेखनाच्या कामात फरक पडला नाही. तुम्हाला ताण जाणवला का, असे विचारल्यावरही दोन्ही गटांची उत्तरे सारखीच आली. परंतु लघवीच्या तपासणीत गोंगाटातल्या स्त्रियांमध्ये ॲड्रिनॅलिन हे ताणाचे संप्रेरक वाढलेले आढळले. त्यानंतर दिलेले अवघड कोडे त्यांनी लवकर सोडून दिले, आणि बसल्या जागी अंग सैल करणे, बैठक बदलणे हेही त्यांच्याकडून कमी झाले. तो गोंगाट ऑफिसातल्या वर्दळीचा होता, पंख्याचा नव्हे, हे खरे. तरीही ‘मला त्याची सवय झाली आहे’ या आपल्या आवडत्या वाक्यावर किती विसंबावे, याचा विचार करायला हा प्रयोग पुरेसा आहे. सवय मनाला होते. शरीराला होतेच असे नाही. एकाच जागी आखडून बसल्याने मान आणि कंबर धरते, ते दुखणे आपण खुर्चीच्या माथी मारतो.

दुसरा परिणाम घशावर होतो. भोवती आवाज असला की माणूस नकळत चढ्या स्वरात बोलू लागतो. एतिएन लोंबार या फ्रेंच कान-घसा तज्ज्ञाने १९११ साली ही गोष्ट मांडली आणि ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. २००१ साली एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाल्यावर गावोगावी संगणकाच्या वर्गखोल्या उभ्या राहिल्या. लहान खोली, फरशीची जमीन, उघड्या भिंती, पंधरा-वीस यंत्रे आणि वर छताचा पंखा. अशा खोलीत दिवसाला चार तुकड्या घेणाऱ्या शिक्षकाचा घसा बसला तर नवल नाही. खिडक्यांना जाड पडदे आणि भिंतीला कापडी फलक लावले तरी आवाज घुमणे कमी होते. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, तर मात्र हळद-दुधावर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून घशाची तपासणी करून घ्यावी.

खरा धोका वेगळाच आहे. पंख्याची कटकट नको म्हणून तरुण मुले कानात इअरफोन घालतात आणि घरघर ऐकू येईनाशी होईपर्यंत गाण्याचा आवाज वाढवितात. येथे मात्र आपण ८५ ची रेषा सहज ओलांडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. तीव्रता ३ डेसिबलने वाढली की वेळ निम्मा करावा. पंख्याने न होणारा बहिरेपणा त्याच्यावरच्या या उपायाने होऊ शकतो.

तेव्हा उपाय मुळाशीच करायला हवा, आणि तो स्वस्त आहे. संगणकात पंखे तीन-चार असतात. वीज पुरवठ्याच्या डब्यात एक, प्रोसेसरवर एक, पेटीच्या मागे एक, आणि कधी चित्रांच्या कार्डावर आणखी एक. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये भुसा अडकला की इंजिन तापते, तसेच या पात्यांत धूळ बसली की प्रोसेसर तापतो, आणि तो थंड ठेवण्यासाठी पंखा आपोआप जोरात फिरू लागतो. नाशिकची हवा थंड म्हणून आपण कौतुक करतो, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो आणि धूळ बारमाही असते. पंख्याची गती निम्म्यावर आली तर आवाज साधारणपणे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून धूळ काढणे हाच पहिला उपचार.

यंत्र बंद करून प्लग काढावा. पेटी गॅलरीत किंवा अंगणात न्यावी. घरात धूळ उडविली तर दम्याच्या आणि सर्दीच्या रुग्णांना त्रास होतो. नाकाला रुमाल बांधावा, पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ झाडावी. वीज पुरवठ्याचा डबा कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि जबर धक्का बसू शकतो.

काही जण कुरकुरणाऱ्या पंख्यात खोबरेल तेल सोडतात. निफाडच्या थंडीत बाटलीतले खोबरेल कसे थिजते, हे आपण दर डिसेंबरात पाहतो. तेच पंख्याच्या बेअरिंगमध्ये होते. शिवणयंत्राच्या तेलाचा एखादा थेंब काही दिवस काम भागवील, परंतु बेअरिंग झिजलेला पंखा बदलणेच बरे. त्याची किंमत डोकेदुखीच्या गोळ्यांपेक्षा फार नसते. बदलताना वीज पुरवठ्याच्या डब्याला मात्र जाणकारानेच हात लावावा.

जागाही पाहावी. पेटी लाकडी टेबलावर थेट ठेवली तर तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणे टेबल तो आवाज मोठा करते. खाली जाड रबराचे तुकडे ठेवावेत, सैल स्क्रू आवळावेत. पेटी डोक्याच्या पातळीवरून खाली, पण जमिनीपासून वीतभर उंच स्टुलावर असावी आणि मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडावी. आवाज दाबण्यासाठी जाळीवर फडके कोंबणे किंवा चालू यंत्रावर भरतकाम केलेले कव्हर घालणे, हे दोन्ही प्रकार बंद करावेत. उष्णता कोंडली की पंखा आणखी ओरडतो.

एवढे करूनही गुणगुण थांबत नसेल तर एक साधी परीक्षा करावी. रात्री संगणक आणि छताचा पंखा दोन्ही बंद करून पाच मिनिटे शांत बसावे. आवाज तरीही येत असेल तर तो यंत्राचा नसून कानातला आहे. त्याला कर्णनाद म्हणतात. कानात साठलेला मळ, जंतुसंसर्ग, मोठ्या आवाजात केलेली नोकरी, काही औषधे अशी त्याची अनेक कारणे असतात, त्यामुळे मनाने कानात तेल किंवा थेंब घालू नयेत. नाद एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर तज्ज्ञांना दाखवून श्रवणचाचणी करून घ्यावी. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ‘मळ असेल, बघू पुढच्या आठवड्यात’ असे म्हणू नये. त्यावरचे औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू झाले तर ऐकू येणे परत मिळण्याची शक्यता अधिक असते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.