स्क्रू सैल करण्याआधी

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

पॅसेजच्या दिव्याचं बटण बदललंस आणि आता तो दिवा दोन्ही बटणं एका ठरावीक स्थितीत असली तरच लागतो, हे तुझ्या निरोपावरून कळलं. नवं बटण खराब निघालं असावं किंवा आपला हातच या कामाचा नाही, असे दोन निष्कर्ष तू काढले आहेस. मला दोन्ही पटत नाहीत. एका दिव्याला दोन ठिकाणांहून चालू-बंद करायचं तर दोन्हीकडे टू-वे स्विच लागतात. साध्या बटणाला दोन स्क्रू असतात, याला तीन. त्यांतला एक कॉमन. एका बोर्डात कॉमनवर फेज येतो, दुसऱ्या बोर्डात कॉमनवरून वायर दिव्याकडे जाते आणि उरलेल्या दोन-दोन स्क्रूंमधून दोन वायरी या बोर्डातून त्या बोर्डात जातात. या दोन वायरींची आपसांत अदलाबदल झाली तरी काही बिघडत नाही. पण कॉमनवरची वायर चुकून दुसऱ्या स्क्रूखाली गेली, की बटणांच्या चार स्थितींपैकी एकाच स्थितीत दिवा लागतो. नेमकी तुझी तक्रार. शिवाय कंपनी बदलली की कॉमनची जागाही बदलू शकते, त्यामुळे जुन्या बटणावर जी वायर जिथे होती तिथेच नव्यावर लावणंही पुरेसं नसतं. म्हणजे नवं बटण तू नीट बसवलंस, स्क्रू घट्ट केलेस. चूक झाली ती त्याआधी, जुनं बटण काढताना. कोणती वायर कोणत्या स्क्रूखाली होती हे लिहून न ठेवता तू तिन्ही वायरी मोकळ्या केल्यास.

घरातल्या विजेच्या साध्या कामांचा विचका होतो तो बहुतेक वेळा इथेच, असं माझं ठाम मत आहे. आपण समजतो की बोर्डात बटण, प्लग, रेग्युलेटर अशा वस्तू आहेत आणि बिघडलेली वस्तू काढून नवी लावायची एवढंच काम. वस्तू बाजारात शंभर-दोनशे रुपयांत मिळते. बाजारात मिळत नाही ती जोडणी. कोणती वायर कुठून आली, कुठे चालली, कोणाशी लूप केली आहे, ही माहिती तुझ्या घराबाबत कुठल्याही कागदावर नाही. सोसायटीच्या दप्तरात इमारतीचा मंजूर नकाशा असेल, पण तुझ्या पॅसेजमधल्या तीन वायरींचा हिशेब त्यात मिळायचा नाही. त्या माहितीची एकुलती एक प्रत त्या स्क्रूंखाली असते, आणि स्क्रू सैल करून वायरी ओढल्या की ती प्रत नष्ट होते.

आपल्या उपनगरांत तर हे जास्तच खरं आहे. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी १९२९ सालची. म्हणजे इथल्या घरांत वीज खेळते आहे त्याला शंभर वर्षं होत आली. घाटकोपरचं पंतनगर घे, अंधेरीचं डी. एन. नगर घे किंवा बोरिवलीतली एखादी जुनी सोसायटी घे. लाकडी पट्टीवर क्लिपा मारून केलेली वायरिंग, मग प्लास्टिकच्या पट्टीतली, मग भिंत फोडून पाइपातून नेलेली, असे थर एकाच घरात एकावर एक चढलेले असू शकतात. घर विकलं गेलं, भाडेकरू बदलले, स्वयंपाकघर सरकलं, बाल्कनी आत घेतली. प्रत्येक वेळी नवा कारागीर आला आणि त्याने त्याच्या सोयीने वायर ओढली. फेजला लाल, न्यूट्रलला काळी आणि अर्थिंगला हिरवी हा आपला नेहमीचा संकेत, पण कारागीर हाताशी जे बंडल उरलं असेल तेच वापरून मोकळा होतो. म्हणून तुझ्या बोर्डातल्या तिन्ही वायरी लाल निघाल्या याचं मला जराही नवल वाटलं नाही. रंगावर विसंबणं सोडून दे. रंगावरून फार तर अंदाज बांधता येतो.

आता तू म्हणशील, अंदाज चुकला तर दुसरा करून पाहू, तीनच तर वायरी आहेत. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण करून पाहत शिकणं हा चांगलाच मार्ग आहे. एकाच बोर्डातल्या वायरी सुटल्या असतील तर कॉमनवर कोणती घ्यायची याचे तीन पर्याय. पण तू दुसरं बटणही उघडलंस आणि तिथल्याही वायरी हलवल्यास. आता तीन गुणिले तीन, नऊ पर्याय झाले आणि त्यांतला एकच बरोबर. प्रत्येक वेळी एमसीबी पाडायचा, स्क्रू सोडायचे, कसायचे, पुन्हा एमसीबी चढवायचा. तांब्याच्या तारेची टोकं या ओढाताणीत तुटतात, वायर आखूड होते आणि शेवटी स्क्रूपर्यंत पोचेनाशी होते. त्याच बोर्डावर प्लगसाठी न्यूट्रलही आलेला असतो. वैतागलेल्या हाताने तो या खेळात ओढला गेला तर थेट शॉर्ट.

पण यापेक्षा महत्त्वाचं कारण वेगळं आहे. विजेच्या कामात ‘चालू झालं’ म्हणजे ‘बरोबर झालं’ असा अर्थ होत नाही. बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या वायरीवर बसलं तरी दिवा अगदी नीट लागतो आणि नीट विझतो. फरक एवढाच, की विझलेल्या दिव्याच्या होल्डरमध्येही २३० व्होल्ट तसेच राहतात आणि बल्ब बदलायला चढलेल्या माणसाला ते कळत नाही. प्लगची अर्थिंगची वायर जोडायची राहून गेली तरी फ्रिज, गिझर, कपड्यांचं यंत्र सगळं पूर्वीसारखंच चालतं. ज्या दिवशी यंत्राच्या आतली वायर पत्र्याला टेकेल त्या दिवशीच ती उणीव कळायची. न्यूट्रल तुटला म्हणून अर्थिंगच्या वायरीवरच दिवा चालवण्याचा उद्योगही जुन्या घरांत सापडतो, आणि तोही दिवा लख्ख लागतो. तेव्हा नवव्या प्रयत्नात दिवा लागला तरी काम बरोबर झालं की नुसतं जमून गेलं, याचा पुरावा तुझ्याकडे नसेल. करून पाहत शिकायचं असेल तर प्रत्येक प्रयोगाने काहीतरी सांगितलं पाहिजे, आणि इथे दिवा जे सांगतो ते अपुरं असतं.

टेस्टरचंही तसंच. टेस्टर पेटला म्हणजे तिथे फेज आहे, असं सगळे धरून चालतात. समज, एखादा प्लग बंद पडला आणि त्याच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. नवखा माणूस म्हणतो, दोन्हीकडून फेज आला, आणि वायरी उपसू लागतो. प्रत्यक्षात बहुधा मागे कुठेतरी न्यूट्रल तुटलेला असतो, आणि त्याच लाइनवर चालू राहिलेल्या एखाद्या पंख्यातून किंवा दिव्यातून फेज न्यूट्रलच्या वायरीत उतरलेला असतो. बिघाड त्या प्लगमध्ये नसतोच. तो आधीच्या बोर्डातल्या एखाद्या सैल जोडात असतो. एकाच पाइपातून लांबवर गेलेल्या वायरींपैकी एकीत वीज असली तर शेजारच्या तुटक वायरीवरही टेस्टर मंद पेटतो. म्हणून जाणता वायरमन टेस्टरच्या जोडीला होल्डरमधला बल्ब, म्हणजे टेस्ट लॅम्प, किंवा मल्टिमीटर ठेवतो. आणि एमसीबी पाडल्यावरही तो आधी एखाद्या चालू ठिकाणी टेस्टर पारखतो, मग कामाच्या जागी लावतो; कारण एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतो, आणि त्या घरात फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील तर एमसीबी पाडूनही वायर जिवंतच राहते. भारतात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं मरतात. शेतात, कारखान्यात, रस्त्यावर मेलेलेही त्यात आले, हे खरं. पण वीज घरातली असो की शेतातली, शरीरातून जाताना ती भेद करत नाही.

मग दरवेळी इलेक्ट्रिशियनच बोलवायचा का? माझं उत्तर, नाही. या बाबतीत कायदाही तुझ्या बाजूने आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत आणि पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या, २०२३ पर्यंत लागू असलेल्या, २०१० च्या विनियमांत, घरातलं वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच व्हावं असं म्हटलं होतं. पण दिवे, पंखे, फ्यूज, बटणं, घरगुती उपकरणं यांची नुसती बदली त्यातून वगळली होती. अट एकच: त्या बदलीने मांडणीची क्षमता किंवा तिचं स्वरूप बदलता कामा नये. ही रेघ मला फार शहाणपणाची वाटते. जसं होतं तसं परत बसवायचं, तोवर काम तुझं. ‘तसं’ म्हणजे कसं हे तुला सांगता येत नाही, त्या क्षणी काम बदलीचं राहत नाही. ते नव्याने जोडणी करण्याचं होतं आणि रेघेपलीकडे जातं. नवा प्लग काढणं, सहा अँपियरच्या जागी सोळा अँपियरचा बसवणं, एसीसाठी जुन्याच वायरीतून लाइन घेणं, हे तर सरळच पलीकडचं. कामाचं स्वरूप बदललं हे ओळखायची खूण म्हणजे तुझा स्वतःचा वैताग. तोच स्क्रू पुन्हापुन्हा सोडावा लागतो आहे, तर माहिती संपली आहे असं समज आणि हात थांबव.

आणि इलेक्ट्रिशियन तरी डोळे मिटून भरवशाचा, असंही मी म्हणणार नाही. घाईतला कारागीरही न्यूट्रलची सरमिसळ करून जातो. पुढे कोणी सुरक्षिततेसाठी तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे गेलेली आणि परतलेली वीज जुळली नाही की पुरवठा तोडणारं यंत्र, बसवला, की तो पुन्हापुन्हा पडतो, कारण फेज त्याच्यातून जातो आणि परतीचा न्यूट्रल दुसऱ्याच लाइनचा निघतो. बिचारं यंत्र बरोबर सांगत असतं, पण घरचे ते काढून टाकायला सांगतात. म्हणून कारागिराला त्याचा परवाना विचारायला संकोचू नकोस, आणि काम चालू असताना शेजारी उभी राहून कोणती वायर कुठे गेली ते लिहून घे. ग्राहक सेवेला फोन करून हे काम होणार नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला अदानी किंवा टाटा, मुलुंडला महावितरण, कोणाचाही पुरवठा असला तरी त्यांची जबाबदारी मीटरपर्यंत. मीटरच्या पुढचं सगळं आपलं.

‘फोटो काढला की झालं ना?’ हाही प्रश्न तू विचारशील. फोटो अवश्य काढ, पण मागच्या वायरी पुढच्यांआड दडतात आणि तिन्ही लाल असल्या तर फोटोत सगळ्या सारख्याच दिसतात. प्रत्येक वायरीला स्क्रू सैल करण्याआधी कागदी चिकटपट्टी लाव, तिच्यावर आकडा घाल, तोच आकडा कागदावरच्या आकृतीत लिही, आणि एका वेळी एकच वायर जुन्या बटणावरून काढून नव्यावर ने. या सगळ्याला पाच-सात मिनिटं जास्त लागतील.

पॅसेजमध्ये दोन दिवस अंधार राहील याची चिंता नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तळमजल्यांवरच्या मीटर खोल्या बुडाल्या, आणि पाणी ओसरल्यावरही उपनगरांतल्या कित्येक वस्त्यांना लगेच वीज देता आली नाही. लोकांचा संताप समजण्यासारखा होता. तरी ओल्या मीटरपेट्या वाळवून तपासल्याशिवाय पुरवठा सोडणं जिवावरचं होतं, आणि थांबणंच योग्य होतं. तुझ्यापुढे तर एका दिव्याचा प्रश्न आहे.

तेव्हा त्या लाइनचा एमसीबी पाडून ठेव आणि घरात सगळ्यांना तसं बजावून सांग. दोन्ही बोर्डांतल्या सुट्या वायरींची टोकं वेगवेगळी टेपने गुंडाळ. परवानाधारक वायरमन बोलाव, काय-काय हलवलंस ते त्याला न लपवता सांग, आणि तो सहाही वायरी ओळखेल तेव्हा आकृती काढून घे. ती आकृती बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटव, आणि तिची एक प्रत मला पाठव.

तुझा,
मामा