साहेब बोलतात छान, तरी माणसं सोडून का जातात?

प्रश्न : कॉटन ग्रीनच्या एका गोदामात मी सुपरवायझर आहे. नवे मॅनेजर उत्साही आहेत, मोठी स्वप्नं दाखवतात. माणसं खूश दिसतात, तरी राजीनामे थांबत नाहीत. असं का?

उत्तर : जेम्स मॅकग्रेगर बर्न्स (१९७८) आणि बर्नार्ड बास (१९८५) यांनी मांडलेल्या परिवर्तनशील नेतृत्वात चार गोष्टी येतात : वागण्यातून विश्वास कमावणं, ध्येय दाखवणं, नव्या विचाराला वाव देणं आणि प्रत्येक माणसाची स्वतंत्र दखल घेणं. तुमच्या साहेबांकडे दुसरी भरपूर दिसते. माणूस टिकतो तो मात्र चौथीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

जमशेटजी टाटांची नागपूरची कापडगिरणी, एम्प्रेस मिल आठवा. १८७७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा कामगारांची गैरहजेरी ही मोठी डोकेदुखी होती. जमशेटजी टाटांनी नुसती भाषणं केली नाहीत. भविष्य निर्वाह निधी आणला, अपघातात उपचार व मजुरीची हमी दिली, बक्षिसं ठेवली. व्यवस्थापक बेझनजी मेहता रेल्वेतून आलेले, कापडधंद्यात नवखे. तरी टाटांनी त्यांच्यावर भरवसा टाकला. सूतकताईच्या रिंग स्पिंडलसारखा नवा प्रयोगही याच गिरणीत झाला.

तुमची माणसं खूश दिसतात, पण समाधान आजच्या दिवसाचं असतं, बांधिलकीला उद्याची खात्री लागते. कंत्राटी हमालाला पुढच्या महिन्याचा भरवसा नसेल, तर स्वप्न त्याला परकंच वाटणार. साहेबांना सांगा, पुढची सभा रद्द करा आणि तेवढ्या वेळात एकेकाशी बोला : पाळी, पगार, बढती. दिलेला शब्द तारखेसह लिहून द्या आणि पाळा.