मानेवरचा काळेपणा आणि इन्शुलिन



मानेच्या मागे व काखेत त्वचा जाड, मखमली आणि काळपट होते तो मळ नसतो, लिंबू आणि डाळीचे पीठ चोळून तो निघतही नाही. रक्तात इन्शुलिन वाढल्याची ती बहुधा खूण असते, आणि पीसीओएस, म्हणजेच बहुपुटीय बीजांडकोश विकार, समजून घेताना, अनघा, तू तिथूनच सुरुवात करावीस.

इन्शुलिन हे स्वादुपिंडात तयार होणारे संप्रेरक रक्तातील साखर पेशींत पोचविण्याचे काम करते. पेशी त्याला पुरेशी दाद देईनाशा झाल्या, म्हणजेच इन्शुलिन प्रतिरोध निर्माण झाला, की स्वादुपिंड अधिक इन्शुलिन स्रवू लागते. त्यामुळे साखर आटोक्यात राहते आणि उपाशीपोटीचा अहवाल कित्येक वर्षे निर्दोष येतो. बीजांडकोश मात्र या वाढीव इन्शुलिनला दाद देतच राहतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येणाऱ्या एलएच या संप्रेरकाच्या जोडीने ते बीजांडकोशाकडून टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके जास्त तयार करवून घेते, शिवाय टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे यकृतातील प्रथिनही घटविते, म्हणून मोकळे टेस्टोस्टेरॉन दोन्ही बाजूंनी वाढते. हनुवटीवर राठ केस येतात, मुरमे उठतात, बीज धारण करणाऱ्या पुटिका अर्धवट वाढून थांबतात आणि पाळी लांबते. सोनोग्राफीत दिसतात त्या याच थांबलेल्या पुटिका. त्यांना गाठी समजून घाबरण्याचे कारण नाही. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन व लेव्हेन्थल यांनी या विकाराचे वर्णन केले, तेव्हा लक्ष बीजांडकोशावरच होते. इन्शुलिनचा वाटा १९८० नंतर स्पष्ट होत गेला.

हा प्रतिरोध सडपातळ मुलींतही आढळतो, त्यामुळे सारा दोष खाण्यावर ढकलणे अन्यायाचे आहे, आणि ‘लग्न झाले की पाळी सुरळीत होईल’ हे सांगणे तर घातक आहे. वजन जास्त असल्यास ते शेकडा पाच ते दहाने उतरले तरी पुष्कळदा पाळी परतते. त्यासाठी कडक उपास नकोत. भाकरीसोबत उसळ व भाजी, पुरेशी झोप आणि स्नायूंना खरोखर कामाला लावणारा व्यायाम हवा, कारण राबणारा स्नायू इन्शुलिनवाचूनही साखर ओढून घेतो. मेटफॉर्मिन हे औषध द्यावे की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे.

तीन महिने पाळी न आल्यास मात्र थांबू नये. गर्भाशयाचे अस्तर वाढत राहून पुढे कर्करोगाचाही धोका संभवतो. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन तू ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासणारी चाचणी या महिन्यातच करून घ्यावीस, आणि तुझ्या आईने सोबत जावे.