भिंतीची भेग बुजविण्यापूर्वी
(इयत्ता चौथी व पाचवी : परिसर अभ्यास)

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घर शाकारण्याची चाल आपल्या खेड्यांत जुनी आहे. कौले परतली जातात, पन्हळी साफ होतात. परंतु भिंतीच्या दरजा व चौकटीभोवतालच्या फटी यांकडे लक्ष जाते ते भिंतीस ओल आल्यावर. शाळेची इमारतही यास अपवाद नसते. हा पाठ फेब्रुवारीच्या अखेरीस घ्यावा, म्हणजे निरीक्षणास दोन महिने मिळतात आणि दुरुस्तीस मे महिना मोकळा राहतो.

प्रथम मुलांना बाहेर नेऊन भेगा शोधावयास सांगावे. भेगेत बोट घालू देऊ नये. विंचवास अशी जागा सोयीची असते. प्रत्येक भेगेवर पातळ कागदाची पट्टी आडवी ताणून दोन्ही टोके खळीने पक्की चिकटवावीत व तीवर तारीख लिहावी. दर सोमवारी मुलांनी पट्टी पाहून नोंद करावी. पट्टी फाटली, तर भेग वाढत आहे असे समजावे. काळ्या जमिनीवरील घरांत हे पुष्कळदा आढळते. ती माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि तिच्याबरोबर पायाही हलतो. अशी भेग सिमेंटने बुजवून वर रंग दिल्यास भिंत सुधारत नाही, धोका मात्र झाकला जातो. मुख्याध्यापकांनी पंचायत समितीच्या अभियंत्यास तारखांच्या नोंदींसह लेखी कळवावे व तोवर मुलांना त्या भिंतीलगत बसवू नये.

पट्टी अखंड राहिली, तर भेग भरण्यास हरकत नाही. दगडी भिंतीच्या दरजा अर्धा ते पाऊण इंच खरवडून, झाडून, पाण्याने भिजवून मगच भराव्यात. मसाला भिंतीच्या जातीचा असावा : चुन्याच्या बांधकामास 1 भाग चुना व 3 भाग वाळू, मातीच्या भिंतीस भुसा घालून मळलेली माती. मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करण्याची हौस अलीकडे वाढली आहे. सिमेंट कठीण, माती मऊ. आत शिरलेली ओल बाहेर पडावयास वाट राहत नाही, आणि काही वर्षांत गिलावा मातीचे पोपडे घेऊन गळतो.

लाकडी चौकट ऋतूप्रमाणे फुगते व आकसते, म्हणून तिच्याभोवती सिमेंट टिकत नाही. फटीत काथ्या ठासून वर लांबी भरावी. हल्ली नळीतून मिळणारे सिलिकॉनही चालते. मात्र जागा कोरडी व धूळरहित हवी. काचेची लांबी खडूच्या पुडीत जवसाचे तेल घालून मळतात. ती मुलांकडून मळून घ्यावी. चुन्याला मात्र मुलांचा हात लागू देऊ नये, तो डोळ्यांत गेल्यास डोळा भाजतो.

भरावाच्या भिंतीत पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके बुजवू नयेत. उत्साही मुले तीही बुजवून येतात. पाणी मागे साठून भिंत पुढे का ढकलली जाते, हे त्या वेळी वाळूच्या ढिगावर पाणी ओतून दाखवावे.

घरच्या अभ्यासासाठी प्रत्येक मुलाने आपल्या घरातील एका भेगेवर पट्टी लावून वडीलधाऱ्यांसमवेत तिची वही ठेवावी.