जुनी मोटार, नवा मालक आणि दुरुस्तीची हमी

मोटारगाडी ही एके काळी शहरातील मोजक्या सधन कुटुंबांच्या दारी दिसणारी वस्तू होती. आज ती तालुक्याच्या गावी, इतकेच नव्हे तर आठवडा बाजाराच्या लहान गावीही दिसते. दूरच्या शाळेवर जाणारे शिक्षक, फिरतीचे काम असलेले कर्मचारी आणि शेतकरी कुटुंबे यांची ती गरज झाली आहे. नवी मोटार घेणे प्रत्येकास परवडत नाही. म्हणून अनेकजण वापरलेली मोटार घेतात आणि त्यासाठी भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, पतसंस्थेचे कर्ज किंवा हंगामाच्या पिकाचे आलेले पैसे खर्ची घालतात. अशी मोटार महिनाभरातच नादुरुस्त झाली, तर दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावयाचा, असा प्रश्न उभा राहतो. ‘गाडीची पूर्ण गॅरंटी आहे’ हे विक्रेत्याचे तोंडी आश्वासन त्या वेळी सिद्ध करणे कठीण जाते. खरेदीदाराच्या उपयोगी पडतात ते मुख्यतः दोन कागद. पहिला, खरेदीच्या वेळी घेतलेले लेखी हमीपत्र आणि दुसरा, बिघाड दिसताच विक्रेत्यास दिलेली लेखी सूचना. या दोहोंचे महत्त्व समजण्यासाठी कायद्याची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे.

शर्त आणि हमी

जंगम वस्तूंच्या विक्रीस मालविक्री अधिनियम, १९३० लागू होतो. वस्तू नवी की वापरलेली, असा भेद हा कायदा करीत नाही. त्याच्या कलम १२ मध्ये ‘शर्त’ आणि ‘हमी’ यांतील फरक स्पष्ट केला आहे. कराराच्या मुख्य हेतूशी निगडित असलेली अट ही शर्त होय. तिचा भंग झाल्यास खरेदीदारास करार रद्द करता येतो. मुख्य हेतूस पूरक असलेली अट ही हमी होय. तिचा भंग झाल्यास नुकसानभरपाई मागता येते, परंतु तेवढ्या कारणावरून वस्तू परत करता येत नाही.

काहीही लिहून घेतलेले नसले, तरी कायदा काही बाबी गृहीत धरतो. वस्तू विकण्याचा अधिकार विक्रेत्यास असला पाहिजे. वस्तूचे जे वर्णन केले, त्याप्रमाणे ती असली पाहिजे. विक्रेत्याचा त्या प्रकारच्या वस्तूंचा व्यवसाय असेल, तर वर्णनावरून विकलेली वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असली पाहिजे. तथापि, या शेवटच्या बाबीस एक महत्त्वाचा अपवाद आहे. खरेदीदाराने वस्तू तपासून घेतली असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसावयास हवे होते, त्यांबद्दल त्यास पुढे तक्रार करता येत नाही. झिजलेले टायर किंवा उडालेला रंग यांविषयी मागाहून बोलण्यात अर्थ नाही. गिअरबॉक्सच्या आतील दोषाची गोष्ट मात्र निराळी आहे.

शिवाय कलम ६२ अन्वये उभय पक्षांना स्पष्ट करार करून ही गृहीत धरलेली बंधने दूर करता येतात. लिलावात ‘जेथे आहे, जसे आहे’ हे शब्द आपण नेहमी वाचतो. तेच शब्द मोटारीच्या विक्रीपत्रात आले, तर त्यांचा परिणाम काय होईल, हे सही करण्यापूर्वी लक्षात घेतले पाहिजे.

विक्रेता कोण, हा पहिला प्रश्न

हमी कोणाकडे मागावयाची, हे मोटार कोणाकडून घेतली यावर अवलंबून असते. या दृष्टीने तीन बाबींचा विचार करावा लागतो.

पहिली बाब उत्पादक कंपनीच्या उरलेल्या हमीची. मोटार फार जुनी नसेल, तर मूळ हमीचा काही काळ शिल्लक असण्याची शक्यता असते. ती नव्या मालकास मिळते किंवा नाही आणि त्यासाठी काय करावे लागते, हे हमीपुस्तिकेतील अटींवरून ठरते. अधिकृत सेवाकेंद्रात वेळेवर देखभाल झाली नसेल किंवा बाहेरून विद्युत जोडणीत फेरफार केलेले असतील, तर अशी हमी नाकारली जाऊ शकते. म्हणून सर्व्हिस बुक आणि हमीपुस्तिका मूळ स्वरूपात ताब्यात घ्यावी. सुरक्षेच्या दोषामुळे कंपनीने काही मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलाविलेल्या असतात. त्यांत आपली मोटार आहे काय, याची चौकशी चेसिस क्रमांकावरून अधिकृत सेवाकेंद्रात करता येते. असे काम कंपनी आपल्या खर्चाने करून देते.

दुसरी बाब व्यावसायिक विक्रेत्याची. जुन्या मोटारींचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत सुधारणा केली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिच्यानुसार अशा विक्रेत्यास नोंदणी प्राधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते. ते पाच वर्षांसाठी असते. मूळ मालकाने मोटार त्याच्या स्वाधीन केल्याची सूचना रीतसर दिली, म्हणजे तो विक्रेता त्या मोटारीचा मालक समजला जातो व तिची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून खरेदीपूर्वी हे प्राधिकारपत्र पाहावयास मागणे हा खरेदीदाराचा सावधपणा ठरेल.

तिसरी बाब खाजगी व्यक्तीची. शेजारी, सहकारी किंवा नातेवाईक यांच्याकडून घेतलेल्या मोटारीस दर्जाची गृहीत हमी सहसा मिळत नाही, कारण मोटारी विकणे हा त्यांचा व्यवसाय नसतो. विक्रेत्याने जाणूनबुजून खोटी माहिती दिली किंवा दोष झाकून ठेवला, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ खाली दाद मागता येते. परंतु केवळ मौन बाळगणे ही नेहमीच फसवणूक ठरत नाही, आणि साधारण दक्षता घेतली असती तर सत्य कळले असते, असा बचाव विक्रेता घेऊ शकतो. अशा व्यवहारात विश्वासू मिस्त्रीकडून करून घेतलेली तपासणी हाच मुख्य आधार होय.

हमीपत्र कसे वाचावे

जुन्या मोटारीचे विक्रेते जी हमी देतात, ती बहुधा इंजिन आणि गिअरबॉक्स यांपुरती असते. तिला महिन्यांची आणि किलोमीटरची अशी दुहेरी मर्यादा असते, आणि त्यांपैकी जी आधी पूर्ण होईल तेथे हमी संपते. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, वायपर हे भाग वापराने झिजणारे असल्यामुळे ते सामान्यतः वगळलेले असतात. ‘इंजिनाची हमी’ या शब्दांत इंजिनाला जोडलेले सर्व भाग येतात, असे मानू नये. सुटे भाग व मजुरी दोन्ही समाविष्ट आहेत काय, दुरुस्ती कोणत्या गॅरेजमध्ये करावयाची, मोटार ओढून नेण्याचा खर्च कोणाचा आणि कमाल किती रकमेपर्यंत दुरुस्ती मिळेल, या प्रश्नांची उत्तरे कागदावर असली पाहिजेत. मोटार धावलेले किलोमीटर, अपघाताचा पूर्वेतिहास आणि मालकांची संख्या यांविषयी विक्रेता जे सांगतो, तेही विक्रीपत्रात लिहून घ्यावे. एकदा लिहिले गेले, म्हणजे ते वर्णन ठरते, आणि वर्णन खोटे निघाल्यास विक्रेता बांधला जातो. किलोमीटरचा आकडा मागे फिरविल्याचा संशय असल्यास सेवाकेंद्रातील जुन्या नोंदींशी तो ताडून पाहता येतो.

बिघाड झाल्यावर

एक उदाहरण घेऊ. समजा, एका शिक्षकाने जिल्ह्याच्या ठिकाणच्या विक्रेत्याकडून ३ लाख ५० हजार रुपयांस सहा वर्षांची मोटार घेतली. इंजिन व गिअरबॉक्स यांची तीन महिन्यांची लेखी हमी आहे. तिसऱ्या आठवड्यात गिअर बदलताना आवाज येऊ लागला. आणखी महिनाभर त्यांनी मोटार तशीच चालविली, नंतर गावातील गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उघडून घेतला, जुने भाग भंगारात गेले, आणि मग ४० हजार रुपयांचे बिल विक्रेत्याकडे पाठविले. त्यांचा हक्क मूळचा खरा असला, तरी त्यांनी तो आपल्या हाताने दुबळा केला. दोष आधीपासून होता की तशीच चालविल्यामुळे वाढला, हे दाखविणारा पुरावाच उरला नाही.

याऐवजी आवाज येताच मोटार थांबवावयास हवी होती. त्याच दिवशी विक्रेत्यास लेखी कळवून, मोटार कोठे आणावी हे विचारावयास हवे होते. विक्रेत्याने टाळाटाळ केली, तर अधिकृत सेवाकेंद्राचा लेखी अहवाल घेऊन मगच दुरुस्ती करावी आणि काढलेले भाग जपून ठेवावेत. विलंब का करू नये, याचे कारण कायद्यातच आहे. वाजवी मुदत उलटूनही खरेदीदाराने नकार कळविला नाही, तर त्याने वस्तू स्वीकारली असे कलम ४२ मानते. एकदा स्वीकार झाला, की कलम १३ अन्वये शर्तीचा भंगही सामान्यतः हमीचा भंग म्हणूनच धरला जातो. म्हणजे मोटार परत करण्याचा मार्ग बंद होऊन केवळ भरपाईचा मार्ग उरतो.

दाद कोठे मागावी

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. बिल न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. सदोष वस्तू बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीही अशीच प्रथा आहे. पहिल्या महिन्यातच लेखी तक्रार करण्याचे महत्त्व यावरूनही दिसून येईल.

प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेथे तोडगा न निघाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. भरलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते, आणि ती ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास फी द्यावी लागत नाही. विक्रेता दुसऱ्या जिल्ह्यातील असला, तरी तक्रारदारास आपल्या राहत्या किंवा नोकरीच्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आवश्यक वाटल्यास आयोग वस्तूची तज्ज्ञांकडून तपासणी करवून घेतो. दोष दूर करणे, किंमत परत करणे, नुकसानभरपाई देणे असे आदेश तो देऊ शकतो. मोटार व्यापारी हेतूने घेतली असल्यास या कायद्याचे संरक्षण मिळत नाही. मात्र स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी ती स्वतः चालविणारा खरेदीदार ग्राहकच मानला जातो. खाजगी व्यक्तीविरुद्धची दाद सामान्यतः दिवाणी न्यायालयात मागावी लागते.

या सर्व ठिकाणी मोटार आपल्या नावावर असणे उपकारक ठरते. हस्तांतरणाचे नमुने २९ व ३० वेळीच भरून नोंदणी पुस्तकावर आपले नाव चढवून घ्यावे, कर्जाचा बोजा उतरल्याची खात्री करावी आणि विमा कंपनीस १४ दिवसांत कळवावे.

गावपातळीवरील काम

हमीपत्रे बहुधा इंग्रजीत आणि बारीक टायपात छापलेली असतात. ती वाचून त्यांचा अर्थ मराठीत सांगणारा एक जाणता माणूस गावात असला, तर एखाद्या कुटुंबाची वर्षानुवर्षांची बचत वाचू शकते. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कर्मचारी यांना हे काम सहज करता येईल. दरवर्षी २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात एखादे हमीपत्र सर्वांसमक्ष वाचून दाखविले, तक्रारीच्या पत्राचा नमुना फलकावर लावला आणि १९१५ हा क्रमांक तेथे ठळक अक्षरांत लिहिला, तर तो दिवस सार्थकी लागेल. इसार देण्यापूर्वी हमी लिहून घ्यावी आणि बिघाड दिसताच लेखी कळवावे, एवढी सवय गावोगाव रुजली, तर जुनी मोटार घेणाऱ्यांची बरीचशी भांडणे उभीच राहणार नाहीत.